युरोपातील अनेक देशांचा लांब रेल्वेप्रवास कसा आखावा: पासचा क्रमांक पाचवा

सॅक पाठीवर टाकून दोन-तीन महिने रेल्वेने युरोप फिरण्याचे बेत फसतात ते बहुधा पैशांमुळे किंवा भाषेमुळे नव्हे, तर कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे. आधी पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारे एकच तिकीट, विकत घेतला जातो, मग त्या पासात बसतील तेवढी शहरे कोंबली जातात, मग व्हिसाचा अर्ज भरताना दिवस जुळत नाहीत, आणि शेवटी लक्षात येते की ज्या गाडीवर सगळा बेत उभा होता तिच्यात पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा केव्हाच संपल्या आहेत. माझा पहिला बेत याच क्रमाने मोडला आणि खिशात पास असताना दोन मोठ्या टप्प्यांची पूर्ण भाड्याची तिकिटे मला काढावी लागली. खाली दिलेला क्रम त्यानंतर बसवलेला आहे. एखाद्या टप्प्याचे काम कमीअधिक झाले तर चालेल, पण टप्प्यांची अदलाबदल करू नका.

टप्पा १: कायद्याने मिळणारे दिवस मोजा

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकलेल्या देशांच्या गटात, सध्या २९ देश आहेत आणि अल्प मुक्कामासाठी आलेल्या बाहेरच्या प्रवाशाला कोणत्याही १८० दिवसांच्या काळात तेथे जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. चूक होते ती 'कोणत्याही' या शब्दापाशी. हा १८० दिवसांचा काळ वर्षारंभी सुरू होत नाही आणि एकदा क्षेत्राबाहेर पाऊल टाकले म्हणून नव्यानेही सुरू होत नाही. तो रोज एक दिवस पुढे सरकतो. क्षेत्रात असण्याच्या प्रत्येक दिवशी तेथून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांपैकी किती दिवस आपण आत होतो ते पाहायचे, अशी ही पद्धत आहे. प्रवेशाचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस हे दोन्ही पूर्ण दिवस धरले जातात.

एक उदाहरण कागदावर मांडू. १० एप्रिलला प्रवेश केला आणि २० मे रोजी बाहेर पडून आपण सर्बियात गेलो, तर एप्रिलचे २१ आणि मेचे २० असे ४१ दिवस खर्च झाले. १५ जूनला परत आत आलो तर हाती ९० नव्हे, ४९ दिवस उरतात: जूनचे १६, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे २. म्हणजे २ ऑगस्ट हा आत राहण्याचा शेवटचा दिवस. सर्बियात काढलेल्या मधल्या दिवसांमुळे मोजणी थांबली, पण मागचे ४१ दिवस पुसले गेले नाहीत. हा हिशेब कॅलेंडरवर पेन्सिलीने करावा आणि नंतर युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात तारखा घालून ताडून पाहावा.

जुन्या लेखांवर विसंबून क्षेत्राबाहेरचे देश ठरवणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तर रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या जमिनीवरील सीमाही १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनच्या अंतर्गत सीमा झाल्या आहेत. 'दिवस वाचवण्यासाठी रुमानियात महिनाभर राहा' हा एके काळचा सल्ला आज पाळला तर तो महिना थेट ९० दिवसांतून वजा होतो. ब्रिटन, आयर्लंड, सर्बिया, बॉस्निया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया, अल्बानिया आणि तुर्कस्तान हे मात्र बाहेर आहेत आणि त्यांच्या प्रवेशाच्या अटी प्रत्येकी वेगळ्या आहेत.

इशारा: १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. अस्पष्ट शिक्क्याच्या भरवशावर एखादा दिवस निभावून नेण्याचा काळ संपला आहे. मी ९० पैकी ८५ च दिवस आखतो. उरलेले पाच संप, आजारपण आणि रद्द झालेल्या गाड्यांसाठी राखीव ठेवतो.

टप्पा २: मार्गाचा कणा आणि त्यातील अवघड सांधे

आता नकाशा उघडा, पण शहरांची यादी करू नका. आधी फक्त मुख्य मुक्काम लिहा, म्हणजे जेथे किमान तीन रात्री राहायचे आहे अशी ठिकाणे. दोन महिन्यांसाठी ती बारा ते चौदांच्या पुढे जाऊ नयेत. दर दुसऱ्या दिवशी शहर बदलणारा बेत कागदावर भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात मात्र खोली सोडणे, स्थानक गाठणे, गाडी, नवे शहर आणि नवी खोली यांत अर्धा दिवस सहज जातो, आणि तिसऱ्या आठवड्यात माणसाला वस्तुसंग्रहालयापेक्षा धुलाईयंत्र अधिक प्रिय वाटू लागते.

कणा तयार झाला की प्रत्येक दोन मुक्कामांमध्ये रेल्वे खरोखर आहे का, हे तपासा. नकाशावर रूळ दिसतात म्हणून त्यावरून प्रवासी गाडी धावत असेलच असे नाही. लिस्बन आणि माद्रिद या शेजारी देशांच्या राजधान्या असूनही त्यांच्यामध्ये थेट गाडी नाही. पूर्वीची रात्रगाडी २०२० मध्ये बंद झाली आणि आता गाड्या बदलत दिवस घालवावा लागतो. पोर्तुगालमध्ये रेल्वेने शिरायचे असेल तर स्पेनमधील व्हिगोहून पोर्तोला जाणारी गाडी पाहावी. झाग्रेब आणि बेलग्रेड यांच्यामध्येही थेट गाडी नाही. बाल्कन प्रदेशात एकूणच बससाठी जागा ठेवूनच बेत आखावा. तेथे रेल्वेचाच हट्ट धरणे शहाणपणाचे नाही.

काही ठिकाणी अडचण रुळांच्या रुंदीची आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, स्पेन आणि पोर्तुगालमधील जुने मार्ग १,६६८ मिलिमीटरचे, तर लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनियातील १,५२० मिलिमीटरचे. म्हणून अटलांटिक किनाऱ्याने जाताना फ्रान्समधील आंदाय आणि स्पेनमधील इरून या सीमेवरच्या जोडीपाशी गाडी बदलावी लागते, आणि वॉर्सावहून व्हिल्निअसला जाताना लिथुआनियातील मोत्स्कावा स्थानकावर उतरून दुसऱ्या गाडीत बसावे लागते. स्पेनचे अतिवेगवान मार्ग मात्र १,४३५ मिलिमीटरचेच असल्यामुळे पॅरिसहून बार्सिलोनाला थेट गाडी जाऊ शकते. हा फरक माहीत असला की कोणती सीमा सहज ओलांडता येईल आणि कोणत्या सीमेसाठी दिवस राखावा लागेल, हे आधीच कळते.

तपासणी: कण्यावरील ज्या सांध्यांत, म्हणजे दोन मुक्कामांना जोडणाऱ्या प्रवासांत, दिवसातून एक-दोनच गाड्या आहेत, जेथे आरक्षण सक्तीचे आहे किंवा जेथे रात्रगाडी घ्यायची आहे, त्यांच्याभोवती लाल वर्तुळ काढा. लांब प्रवासात असे सांधे साधारण चार ते सहा निघतात. पुढचे सगळे बेत या वर्तुळांच्या सोयीने आखायचे आहेत, मुक्कामांच्या सोयीने नव्हे.

टप्पा ३: गाडीगणिक तक्ता

प्रत्येक प्रवासासाठी तक्त्यात एक ओळ करा. त्यात तारीख व वार, निघण्याचे स्थानक, पोहोचण्याचे स्थानक, गाडीचा क्रमांक, दोन्ही वेळा, गाडी बदलण्याची ठिकाणे, आरक्षणाची गरज, आणि ही गाडी चुकल्यास त्याच दिवशीची पुढची गाडी, एवढे रकाने असावेत. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि प्रवासात सर्वांत जास्त वेळा उघडला जातो तो हाच.

वेळापत्रकासाठी जर्मन रेल्वेचे शोधपान उपयोगी पडते, कारण त्यात जर्मनीबाहेरील बऱ्याच देशांच्या गाड्याही दिसतात. तरी अंतिम खात्री त्या-त्या देशाच्या रेल्वेकडूनच करावी. युरोपातील वेळापत्रके दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला एका रविवारी बदलतात आणि जूनमध्ये त्यांत लहानसे फेरबदल होतात. त्या तारखेपलीकडच्या गाड्या शोधपानावर दिसल्या नाहीत तर गाडी बंद झाली असा निष्कर्ष काढू नका. नवे वेळापत्रक अजून भरलेले नसते एवढेच.

मोठ्या दुरुस्त्याही याच टप्प्यावर पाहायच्या. बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांच्यामधील मुख्य मार्ग ऑगस्ट २०२५ पासून अनेक महिने दुरुस्तीसाठी पूर्ण बंद ठेवण्यात आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आल्प्समधील मोरिएन खोऱ्यात दरड कोसळल्यामुळे पॅरिस–मिलान थेट गाड्या मार्च २०२५ अखेरपर्यंत बंद होत्या. अशा वेळी गेल्या वर्षीच्या प्रवाशाने दिलेले गाडीचे नाव आपल्या उपयोगाचे नसते.

सुट्ट्यांकडेही दुर्लक्ष होते. १४ मे २०२६ हा साधा गुरुवार वाटतो, पण तो ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस असल्यामुळे जर्मनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रियात सार्वजनिक सुट्टी आहे. शुक्रवार जोडून लोक चार दिवस बाहेर पडतात आणि गाड्या भरून जातात. लाल वर्तुळातील सांधा अशा दिवशी येत असेल तर तो दोन दिवस मागे किंवा पुढे सरकवा.

नावांचा घोळ हा या टप्प्यावरचा सर्वांत मोठा सापळा आहे. फलकावर फ्लोरेन्स नसते, फिरेन्झे असते. व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा, कोपनहेगन म्हणजे क्योबेनहाउन, कोलोन म्हणजे क्यल्न. इटलीतील फलकावर 'मोनाको' दिसले तर ते भूमध्य समुद्राकाठचे छोटे संस्थान असेलच असे नाही, कारण इटालियन भाषेत म्युनिकलाही मोनाकोच म्हणतात. व्हेरोनाच्या फलाटावर म्युनिकची गाडी शोधत मी त्या शब्दाखाली दहा मिनिटे उभा होतो आणि गाडी समोरच लागलेली होती. तक्त्यात स्थानकाचे नाव स्थानिक भाषेतील उच्चाराने आणि स्थानिक लिपीतही लिहावे.

एकाच शहरातील स्थानके वेगळी असतात, हे त्याच्याच जोडीने. पॅरिसला मध्यवर्ती स्थानक नाही: लंडन आणि ब्रसेल्सकडच्या गाड्या गार दु नोरहून, तर बार्सिलोना आणि मिलानकडच्या गार द लियोंहून सुटतात, आणि दोन्हींच्या मध्ये शहरी रेल्वेने जावे लागते. बुडापेस्टला केलेती, न्युगती आणि देली अशी तीन मोठी स्थानके आहेत. व्हेनिसला मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे स्थानक आणि सांता लुचिया हे कालव्याकाठचे. घाईत मेस्त्रेलाच उतरणारे अनेक असतात.

इशारा: वेळापत्रकाचे ॲप सात-आठ मिनिटांत गाडी बदलण्याचा पर्याय बिनदिक्कत दाखवते. सॅक घेऊन अनोळखी स्थानकात देशांतर्गत बदलासाठी निदान अर्धा तास, देश ओलांडून आल्यावर एक ते दीड तास, आणि पॅरिसमध्ये स्थानक बदलायचे असल्यास दोन तास ठेवा. रात्रगाडीपूर्वी तीन तास ठेवले तरी ते जास्त नाहीत. दिवसातील शेवटची गाडी कधीही 'पुढची गाडी' म्हणून धरू नका.

टप्पा ४: व्हिसा

व्हिसा लागत असेल तर तक्ता तयार झाल्यावरच अर्जाला हात घाला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही अर्जांत ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जात असल्यामुळे व्यवहारात चार-पाच महिने आधी हालचाल केलेली बरी.

अर्ज त्या देशाकडे करायचा जेथे सर्वाधिक दिवस राहणार आहोत; दिवस सारखे असतील तर जेथे पहिला प्रवेश होतो त्या देशाकडे. दहा-बारा मुक्कामांच्या प्रवासात हा निर्णय दोन-तीन दिवसांच्या फरकावर ठरतो, म्हणून मुक्काम आधी पक्के हवेत. अर्ज इटलीकडे आणि तक्त्यात सर्वाधिक रात्री ऑस्ट्रियात, अशी विसंगती तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि निदान दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवा. मार्गात सर्बिया किंवा ब्रिटन असेल तर विम्यात ते देशही वेगळे समाविष्ट करून घ्या, कारण शेंगेनपुरता विमा तेथे लागू होत नाही.

व्हिसा हाती आल्यावर त्यावरील दोन गोष्टी लगेच वाचा. पहिली, प्रवेश किती वेळा करता येईल. शेंगेनमधून बेलग्रेडला जाऊन परत बुडापेस्टला यायचे असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा निरुपयोगी आहे. अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करून तक्त्यात त्याचे कारण दिसले पाहिजे. दुसरी, मुक्कामाचे दिवस. व्हिसाच्या वैधतेच्या दोन तारखांमध्ये चार महिन्यांचे अंतर असले तरी मुक्कामाच्या रकान्यात ६० लिहिलेले असू शकते, आणि बंधनकारक असतात ते हे ६० दिवस.

तपासणी: या टप्प्यापर्यंत परत न मिळणारा एकही पैसा खर्च झालेला नसावा. राहण्याची ठिकाणे विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्या.

टप्पा ५: पास की सुटी तिकिटे?

आता पास. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल अशी दोन नावे आहेत; फरक राष्ट्रीयत्वाचा नाही, वास्तव्याचा आहे. सर्व देशांचा पास ३३ देशांत चालतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत: एका किंवा दोन महिन्यांच्या मुदतीत ठरावीक प्रवासदिवस देणारा, आणि ठरावीक मुदतीत रोज प्रवास करू देणारा. जो प्रत्येक मुक्कामी तीन-चार रात्री राहणार आहे त्याला दुसरा प्रकार क्वचितच परवडतो, तरीही 'अमर्याद' या शब्दाच्या मोहाने तोच सर्वाधिक चुकीने घेतला जातो.

निर्णय असा करावा. तक्त्यातील प्रत्येक ओळीसमोर आज मिळणारे सर्वांत स्वस्त आगाऊ तिकीट लिहा. दुसऱ्या रकान्यात पास घेतल्यास त्या गाडीसाठी लागणारे आरक्षण शुल्क लिहा. पहिल्या रकान्याची बेरीज एकीकडे, पासची किंमत अधिक दुसऱ्या रकान्याची बेरीज दुसरीकडे. स्पेन, फ्रान्स आणि इटलीतच फिरणाऱ्याला आरक्षण शुल्कांमुळे पास बहुधा महाग पडतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये, जेथे बहुतेक गाड्यांत पास दाखवून बसता येते, तेथे तो फायद्याचा ठरण्याची शक्यता जास्त. पासच्या बाजूने एक गोष्ट मात्र रकान्यात लिहिता येत नाही: स्वस्त आगाऊ तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते, पास तुम्हाला दुपारचे जेवण लांबवू देतो.

ज्या टप्प्यांची तिकिटे फार स्वस्त आहेत ते हिशेबातून बाहेर काढा आणि फक्त लांब, महाग टप्प्यांसाठी कमी दिवसांचा पास घ्या. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा देशांतर्गत प्रवास सर्वांसाठीच मोफत आहे. तेथे प्रवासदिवस खर्च करणे म्हणजे शुद्ध नुकसान. तसेच इटलीतील इतालो, जर्मनीतील फ्लिक्सट्रेन आणि फ्रान्स व स्पेनमधील विगो या गाड्यांत हा पास चालत नाही, आणि शहरांतील मेट्रोतही नाही.

प्रवासदिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजला जातो. १२ तारखेला रात्री साडेआठला सुटून १३ ला सकाळी पोहोचणारी रात्रगाडी फक्त १२ तारखेचा दिवस खर्च करते. पण १३ ला उतरल्यावर त्याच पासवर पुढच्या गावाची लहानशी गाडी पकडली की १३ तारीखही गेली. गाडी मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुटत असेल तर तिची तारीख १३ आहे, १२ नव्हे; तारीख चुकल्यामुळे रिकाम्या फलाटावर उभे राहिलेले प्रवासी मी पाहिले आहेत.

इशारा: मोबाइल पास खरेदीपासून ११ महिन्यांच्या आत चालू करायचा असतो. घाईने चालू करू नका, आणि चालू न केलेला पास परत करण्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी वाचा.

टप्पा ६: आरक्षणे, लाल वर्तुळांपासून

पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सच्या तेजेवे या अतिवेगवान गाड्या, स्पेनच्या अतिवेगवान व लांब पल्ल्याच्या गाड्या, इटलीच्या अतिवेगवान फ्रेच्चारोसा, समुद्राखालील बोगद्यातून लंडनला जाणारी युरोस्टार आणि सर्व रात्रगाड्यांत आरक्षण सक्तीचे आहे. युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी प्रत्येक गाडीत मोजक्याच जागा असतात. त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी पासवर जागा मिळत नाही. म्हणून क्रम असा: आधी पासधारकांचा कोटा असलेल्या गाड्या, मग रात्रगाड्या, मग फ्रान्स आणि स्पेन, मग इटली, आणि सर्वांत शेवटी ऐच्छिक आरक्षणे. हे सगळे एकाच दिवशी होत नाही, कारण प्रत्येक रेल्वेचे आरक्षण वेगवेगळ्या मुदतीत खुले होते. तक्त्यात आरक्षण खुले होण्याची तारीख लिहून ठेवा.

जागा मिळाली नाही तर हताश होण्यापूर्वी हळू मार्ग पाहा. दक्षिण फ्रान्समधून इटलीत जाताना नीसहून प्रादेशिक गाडीने सीमेवरील व्हेंटिमिग्लियापर्यंत जाता येते आणि तेथून इटलीच्या गाड्या मिळतात. वेळ जास्त लागतो, पण फ्रान्समधील त्या भागासाठी आरक्षण लागत नाही आणि खिडकीबाहेर समुद्र असतो.

रात्रगाडीत बसण्याची जागा, चार किंवा सहा जणांच्या डब्यातील बर्थ आणि शयनकक्ष असे तीन प्रकार असतात. बसण्याच्या जागेत पैसे वाचतात आणि दुसरा दिवस वाया जातो, बर्थच घ्यावी.

जर्मनीत आरक्षण ऐच्छिक असले तरी शुक्रवारी दुपारी आणि रविवारी ते घ्या. न घेतल्यास आसनाजवळची छोटी पाटी वाचायला शिका: तिच्यावर आरक्षण कोठून कोठपर्यंत आहे ते दाखवलेले असते. पाटीवर क्यल्न ते फ्रँकफुर्ट असेल आणि तुम्ही क्यल्नच्या आधीच उतरणार असाल, तर ते आसन तुमचेच.

तपासणी: प्रत्येक आरक्षणावरील तारीख, गाडी क्रमांक आणि स्थानकाचे पूर्ण नाव तक्त्याशी शब्दशः ताडून पाहा. 'पॅरिस' एवढे जुळणे पुरेसे नाही.

टप्पा ७: सॅक

रेल्वेत कोणी सामान तोलत नाही, म्हणून लोक जास्त भरतात. आणि ते डब्याच्या उंच पायऱ्यांवरून, दोन मिनिटांच्या थांब्यात, स्वतःच उचलावे लागते. ४० ते ४५ लिटरची सॅक डोक्यावरच्या फळीवर बसते, त्याहून मोठी दरवाजाजवळच्या कप्प्यात ठेवावी लागते आणि प्रत्येक स्थानकावर मान वळवून पाहावी लागते. आठवडाभराचे कपडे घ्या, पासपोर्ट सॅकमध्ये ठेवू नका. शेंगेनच्या अंतर्गत सीमांवरही सध्या अनेक ठिकाणी तात्पुरती तपासणी होते, आणि पास तपासतानाही पासपोर्ट मागितला जातो.

टप्पा ८: प्रवासाचा दिवस

मोबाइल पासवर गाडीत चढण्यापूर्वी तो प्रवास पासच्या ॲपमध्ये नोंदवून त्या दिवसाचे तिकीट तयार करावे लागते. हे काम खोलीतच, इंटरनेट चालू असताना करा. तपासनीस येताना पाहून प्रवास नोंदवणे म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि दंडाचे कारण. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावे लागते.

युरोस्टारसाठी विमानतळासारखी तपासणी असते, म्हणून एक ते दीड तास आधी पोहोचा. स्पेनमध्ये अतिवेगवान गाड्यांसाठी सामान यंत्रातून जाते आणि प्रवेश सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतो. गाडी समोर उभी असूनही आत सोडत नाहीत.

फलाटावर उभे राहिल्यावर फक्त गाडीचे नव्हे, डब्याचे गंतव्य वाचा. काही गाड्या, विशेषतः रात्रगाड्या, वाटेत तुटतात आणि पुढचे डबे एका देशात तर मागचे दुसऱ्या देशात जातात. गाडी बरोबर आणि डबा चुकीचा असेल तर सकाळी भलत्याच शहरात जाग येते. डब्याच्या दारावरील पाटी आणि आरक्षणावरील डबा क्रमांक जुळल्यावरच सॅक आत टाका.

घड्याळाबाबत दोन सूचना. ब्रिटन, आयर्लंड आणि पोर्तुगाल मध्य युरोपच्या एक तास मागे, तर फिनलंड, बाल्टिक देश, रुमानिया, बल्गेरिया आणि ग्रीस एक तास पुढे आहेत. तिकिटावरील वेळ त्या-त्या स्थानकाची स्थानिक वेळ असते. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. त्या रात्री रात्रगाडी न घेतलेलीच बरी.

टप्पा ९: गाडी चुकली किंवा उशीर झाला तर

युरोपीय संघाच्या नियमांनुसार गंतव्यस्थानी एक तास किंवा अधिक उशीर होणार असे दिसले, तर तिकिटाचे पैसे परत घेणे किंवा दुसऱ्या गाडीने पुढे जाणे यांतून निवड करता येते. पुढे जाऊनही ६० ते ११९ मिनिटे उशिरा पोहोचल्यास तिकिटाच्या किमतीच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते; काही अपवादात्मक कारणांना ही भरपाई लागू नसते. पण संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तरच चुकलेली पुढची गाडी रेल्वेची जबाबदारी ठरते. दोन वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर दुसऱ्या गाडीवाल्याच्या दृष्टीने तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी असता, म्हणून लाल वर्तुळातील सांध्यांवर शक्यतो एकच तिकीट काढा.

उशीर होतो आहे हे गाडीतच कळले तर उतरण्याची वाट पाहू नका. तपासनिसाला गाठा, पुढची गाडी सांगा आणि उशिराची नोंद तिकिटावर लिहून मागा. नंतर तक्त्याचा शेवटचा रकाना उघडा आणि पर्यायी गाडीचा क्रमांक हातात घेऊनच मदतकक्षाच्या रांगेत उभे राहा. 'आता मी काय करू?' असे विचारणाऱ्याला कर्मचारी रात्री अकराला पोहोचवणारा मार्गही देतो, 'मला १६.०२ च्या गाडीत बसू देता का?' असे विचारणाऱ्याला तो बहुधा शिक्का मारून देतो. फलकाचे आणि तिकिटाचे छायाचित्र तेथेच काढा, कारण भरपाईचा अर्ज आपण दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच देशात बसून भरणार असतो.